मिरगाच्या तोंडावर

राजापूर मतदारसंघाने देशाला एक अर्थमंत्री दिला आणि पुढच्याच निवडणुकीत त्याला पाडलं. आमच्याकडची जुनी माणसं ही गोष्ट सांगताना पहिल्या अर्ध्याला आवाज चढवतात आणि दुसऱ्या अर्ध्याला तंबाखू मळायला घेतात.

मधु दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे. राजापूरचे खासदार नाथ पै १९७१ च्या जानेवारीत अचानक गेले, त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले आणि १९८९ पर्यंत पाच वेळा निवडून आले. आधी जनता राजवटीत ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या फळकुटावर गादी आली ती त्यांच्यामुळे, हे आमच्या चाकरमान्यांना पाठ आहे. १९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले. आल्या आल्या या सरकारने सांगून टाकलं की तिजोरी रिकामी आहे. मग १९ मार्च १९९० ला दंडवत्यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्यात दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ करण्याची योजना आली. निवडणुकीत दिलेलं वचन होतं, ते पाळलं.

आजोबा तेव्हा निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची टपाल कचेरी म्हणजे आमच्याच घराची पडवी. एक टेबल, तराजू, शिक्के आणि जाळीची खिडकी. कचेरी नव्या मास्तरांकडे गेली तरी खिडकी तशीच राहिली होती. रात्रीच्या बातम्या संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "तिजोरी रिकामी. आणि कर्ज माफ. पैशे खंयसून आणतले?" मग खिडकीकडे बोट केलं. "हयसूनच."

मला तेव्हा ते म्हाताऱ्याचं तिरकं बोलणं वाटलं होतं. पण आजोबांनी तीस वर्षं त्या खिडकीतून देशाला कर्ज मिळवून दिलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. गिरणगावातून मनीऑर्डर यायची. पैसे मोजून देताना आजोबा त्यातले थोडे मागे ठेवायला लावायचे. कुणाला राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, कुणाला आवर्ती खातं, पुढे साडेपाच वर्षांत दुप्पट होणारं किसान विकास पत्र. अल्पबचतीचं उद्दिष्ट जिल्ह्याला असायचं, तालुक्याला असायचं, गावापर्यंत झिरपत यायचं. जमलेल्या पैशाचा मोठा हिस्सा केंद्र सरकार राज्याला पुन्हा कर्जाऊ देत असे. नवऱ्याच्या मनीऑर्डरीतले पन्नास रुपये मागे ठेवणारी आमच्या वाडीतली बाई अशी सरकारची सावकार होती. तिला तसं कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने हिशेब मागितला असता.

गावात त्या कर्जमाफीचं स्वागत झालं, पण सोसायटीच्या ओट्यावर कुरबुरही ऐकू आली. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन हप्ते फेडले होते ते गप्प गप्प हिंडत होते. त्यातले एकजण पुढे कितीतरी वर्षं हप्त्याची नोटीस आली की म्हणत, "थांबा, निवडणूक येऊं दे."

दंडवत्यांनी त्याच वर्षी आणखी एक गोष्ट केली, तिची आठवण मात्र आमच्या बाजारातल्या सोनारांच्या घरी अजून निघते. जून १९९० मध्ये त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द केला.

सोनारकाका आजोबांचे मित्र. त्यांची हकीगत सुरू होते १९६२ पासून. चीनने आक्रमण केलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि गावोगाव राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी सोनं गोळा होऊ लागलं. आमच्या शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. आजीने बोटातलं वेढं काढून दिलं. सोन्याचा कस लावायला सोनारकाकाच बसले होते, फुकट, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. देशाचं काम करतोय या आनंदात ते जेवायलाही उठले नाहीत, असं आजी सांगायची.

आणि पुढच्याच ९ जानेवारीला मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत. यामागचा हिशेब आज समजतो. देशात सोनं फारसं निघत नाही, लोकांना तर ते हवंच. मग ते चोरून येतं आणि त्यापायी परकीय चलन बाहेर वाहतं. मागणीच मोडली तर गळती थांबेल, असा विचार. कागदावर तो बरोबर होता. पण बावीस कॅरेटचं सोनं मागणारं गिऱ्हाईक चौदा कॅरेटच्या दुकानात पाऊल टाकीना. चौदा कॅरेट डागाला धड बसत नाही, ठोकलं की तडकतं. देशभरात लाखो कारागिरांचा हात थांबला, काहींनी जीव दिला. सोनारकाकांनी दुकानाच्या पुढल्या अर्ध्यात चहाची टपरी घातली. "देशाक सोना मोजून दिलंय," ते सांगत, "आणि देशान माका कपबशे धुवक लावल्यान."

चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली, पण १९६८ ला नियमांचा पक्का कायदा झाला. घरात सोन्याची लगड ठेवणं गुन्हा ठरला, सोनाराला परवाना, वह्या, तपासणी. सोनं यायचं थांबलं नाही. ते खाड्यांतून यायचं. आजीच्या माहेरी, समुद्राच्या अंगाला, अमावास्येच्या रात्री कुत्री फार भुंकली तर कुणी उठून बघत नसे. या तस्करांचं पकडलेलं सोनं सरकारजमा होत गेलं. त्याच सोन्याकडे मला पुढे यायचं आहे.

आजोबांच्या मते देशाचं देणंघेणं गावातल्या निवडणुकीत आलं ते एकदाच, १९६७ ला. त्याआधीच्या ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं होतं. चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. लागोपाठ दोन वर्षं देशाच्या मोठ्या भागात पाऊस दडी मारून बसलेला, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. ज्वारीसारखा दिसणारा, पण भाकरी न होणारा. जुन्या बायका अजून त्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यामुळे डॉलर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तो प्रत्येकाच्या ताटात होता. मुंबईत काँग्रेसचा स. का. पाटलांसारखा गडी जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगार पुढाऱ्याने पाडला, आणि अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. सगळं अवमूल्यनामुळे झालं असं म्हणता येणार नाही. पण लोक त्यावर बोलत होते, वक्त्यांना बोलावं लागत होतं.

त्या मिलोचा शेवटही ऐकण्याजोगा आहे. अमेरिकेकडून पीएल-४८० कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत आपण रुपयांत चुकवायचो आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यावर साचत जायचे. इतके साचले की त्यांचं करायचं काय हा त्यांनाही प्रश्न पडला. १९७४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी भारत सरकारला एक चेक दिला: १,६६४ कोटी रुपयांचा. जगातला सर्वांत मोठा चेक म्हणून तो गाजला. अर्थमंत्री तेव्हा यशवंतराव होते. आजी म्हणायची, "म्हणजे आमी खाल्लो तो मिलो फुकटचो? मग निदान गहू तरी पाठवचो होतो."

आता १९९१.

आमच्याकडे मे महिना म्हणजे चाकरमानी, आंबे, लग्नं. त्या वर्षी निवडणूकही. मी कॉलेजातून सुटीला आलो होतो. बाजारात रोज कुठल्यातरी पक्षाची जीप. मंडल, मंदिर आणि स्थिर सरकार, याच्यापलीकडे भोंग्यातून काही येत नव्हतं. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात होतं की जीवनावश्यक वस्तूंचे भाव शंभर दिवसांत जुलै १९९० च्या पातळीवर आणू. ते मात्र बायकांनी नीट ऐकून घेतलं. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले एक चाचा आदल्या ऑगस्टमध्ये सद्दामच्या फौजा घुसल्यावर कुवेतहून एका पिशवीनिशी परतले होते. ते सभेला येत, मागे उभे राहत आणि कुणी तेलाबद्दल बोलतंय का याची वाट बघत.

कुणी बोललं नाही. वास्तविक चाचांच्या पिशवीतच देशाचं दुखणं होतं. आखाती युद्धाने तेल महागलं, आखातातून येणारे पैसे आटले, परदेशातल्या भारतीयांनी इथल्या ठेवी काढायला सुरुवात केली. देशावरचं परकीय कर्ज मार्च १९९१ ला ८,३८० कोटी डॉलरच्या आसपास होतं आणि निर्यातीतून, मजुरीतून, सगळ्या मार्गांनी येणाऱ्या परकीय कमाईतला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मुद्दल-व्याज फेडण्यातच जात होता. केंद्राची वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांच्या घरात पोचली होती. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या जागी आलेल्या चंद्रशेखरांच्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्पसुद्धा मांडता आला नाही. मार्चमध्ये लेखानुदान झालं, दोन दिवसांत पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि काळजीवाहू म्हणून खुर्चीवर राहिले. परकीय चलन उरलं होतं ते दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतं.

आणि याच काळजीवाहू सरकारने, ऐन प्रचारात, सोन्याला हात घातला. सरकारकडे जप्तीचं, तस्करांकडून पकडलेलं सोनं होतं. त्यातलं २० टन स्टेट बँकेमार्फत मे महिन्यात स्वित्झर्लंडच्या यूबीएस बँकेला विकलं गेलं, परत विकत घ्यायच्या बोलीवर. त्यातून वीस कोटी डॉलर हाती आले. ज्या सोन्यापायी सोनारकाकांच्या भट्टीची टपरी झाली, तेच सोनं देशाची अब्रू राखायला निघालं. त्यातला एखादा तुकडा आजीच्या माहेरच्या खाडीत उतरलेला असेल, असं मला उगीच वाटतं.

अर्थमंत्री यशवंत सिन्हा तेव्हा पाटण्यात स्वतःच्या प्रचारात होते. सोन्याच्या व्यवहाराची फाईल घेऊन मंत्रालयाचा माणूस त्यांच्याकडे पाटण्याला गेला आणि सभांच्या धामधुमीत त्यांनी सही केली, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. मला त्या दिवसाचं फार कुतूहल आहे. सही केल्यावर ते पुढच्या सभेत काय बोलले असतील? गंमत अशी की पाटण्याची ती निवडणूक गैरप्रकारांमुळे रद्दच झाली.

२० मेला पहिल्या फेरीचं मतदान झालं, २१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. उरलेल्या फेऱ्या जूनवर गेल्या. त्यानंतर कुणी कशावर बोलावं अशी अपेक्षाच उरली नाही. राजापुरात दंडवते पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले. नवं सरकार २१ जूनला बसलं, जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपया दोनदा उतरवला गेला, आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने मुंबईच्या तिजोरीतलं जवळजवळ ४७ टन सोनं विमानाने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण म्हणून पाठवलं. मोबदला सुमारे चाळीस कोटी डॉलर. सोनं सहार विमानतळाकडे नेताना वाटेत गाडीचा टायर फुटला आणि पहाऱ्यावरच्यांची पाचावर धारण बसली, अशी हकीगत पुढे सांगितली गेली. शंभर दिवसांत भाव खाली आणायच्या वचनाबद्दल विचारलं तेव्हा नव्या अर्थमंत्र्यांनी, डॉ. मनमोहन सिंगांनी, ते जमणार नाही असं सरळ सांगितलं. त्यांच्याच पक्षाचे लोक चिडले. मला वाटतं, त्या वर्षातलं सर्वांत प्रामाणिक राजकीय विधान ते. मतदान उरकल्यावर आलं, एवढंच.

सोन्याची बातमी फुटली तेव्हा शहरांत मोठा कालवा झाला. देशाची इज्जत गेली, पुढाऱ्यांनी मातृभूमी विकली वगैरे. आजी भाताचा तरवा काढून आली होती, पायाला चिखल. आजोबांनी पेपर वाचून दाखवला. तिला काही धक्का बसला नाही. तिच्या पाटल्या दर मिरगाच्या तोंडावर सोनारकाकांकडे जायच्या. बियाणं, खत, जोताचे पैसे त्यातून निघायचे आणि दिवाळीनंतर भात घातलं की पाटल्या घरी यायच्या. एका वर्षी गणपतीतही तिचे हात मोकळे होते, ते सगळ्या वाडीने पाहिलं. ती म्हणाली, "गहाण टाकूक लाज कसली? सगळेच टाकतत." मग पाय धुता धुता पुढे म्हणाली, "पण घरात सांगून टाकूचा लागता. ह्येंनी कोणाक सांगल्यानी?"

मी पुढे बँकेत लागलो, अर्थशास्त्राची पुस्तकं वाचली, आणि आजीच्या हिशेबात कुठे काय बसत नाही तेही कळलं. देश म्हणजे घर नव्हे. सरकार आपल्याच लोकांकडून रुपयांत कर्ज काढतं तेव्हा देणारा आणि घेणारा एकाच उंबऱ्याच्या आत असतात. दरडोई इतकं कर्ज असा आकडा भाषणात फेकणारा माणूस त्याच डोक्याच्या नावावर पोस्टात किती जमा आहे ते सांगत नाही. शिवाय कर्जाने काय केलं हेही बघावं लागतं. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, त्याच्या भांडवलाचा मोठा भाग रोखे विकून, म्हणजे कर्ज काढूनच उभा राहिला. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी ती गाडी पूर्ण मार्गावर धावली. त्या कर्जाविरुद्ध आमच्याकडे एक शब्द ऐकू येणार नाही, गाडी उशिरा आली तरी. १९९१ चा फास होता डॉलरचा. रुपये छापता येत होते, डॉलर येत नव्हते. आणि आधीची काही वर्षं रुपयांतली तूट बेफाम वाढू दिली नसती तर डॉलरची ही वेळ इतक्या लवकर आली नसती. आजीच्या पाटल्यांचं गणित देशाला लागू पडतं ते नेमकं इथे, परक्याच्या दारात. घरातल्या उसनवारीला ते तसंच्या तसं लावणारे पुढारी फसवतात, आणि उसनवारीला मर्यादाच नाही म्हणणारेही.

तुटीला कायद्याने वेसण घालायचा प्रयत्न झाला तोही पाटण्याला सही करणाऱ्या त्याच गृहस्थाकडून. यशवंत सिन्हा पुन्हा अर्थमंत्री झाले आणि २००० मध्ये त्यांनी वित्तीय उत्तरदायित्वाचं विधेयक आणलं. २००३ मध्ये कायदा झाला. तूट तीन टक्क्यांवर आणायची. तारीख तेव्हापासून पुढे पुढे सरकत गेली.

गेल्या लोकसभेच्या वेळी, ३१ मे २०२४ ला, शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी बातमी आली की रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधून सुमारे १०० टन सोनं देशात आणलं. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात मजकूर फिरला: १९९१ ला गहाण पडलेलं सोनं सोडवून आणलं. मी लिहिलं की ते कर्ज १९९१ संपायच्या आतच फिटलं होतं, सोनं तिथे नुसतं ठेवायला होतं, ते आपलंच होतं, आणि २००९ मध्ये तर आपण नाणेनिधीकडून आणखी २०० टन विकत घेतलं. माझ्या उत्तराला एका पुतण्याने अंगठा दाखवला. मूळ मजकुराला सतरा जणांनी झेंडे लावले. त्या निवडणुकीपूर्वीच्या अंतरिम अर्थसंकल्पात केंद्राच्या खर्चातला जवळजवळ चौथा हिस्सा, ११.९ लाख कोटी रुपये, नुसत्या व्याजाचा होता. तो आकडा ग्रुपवर कुणी टाकला नाही, सभेत कुणी उच्चारला नाही. त्याला झेंडा लावता येत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या प्रचारात मी गावीच होतो. राज्य सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये वहिनीच्या खात्यात यायला लागले होते. ते तिने उडवले नाहीत, घराच्या कौलांना लावले. मला या पैशाबद्दल नाक मुरडणारे शहरी लोक आवडत नाहीत. बाईच्या स्वतःच्या नावावर महिन्याला येणारी पहिली रक्कम ही काय चीज असते ते मनीऑर्डरीच्या गावातच कळतं. पण प्रचार सुरू झाला आणि बोली लागली. एक बाजू २,१०० म्हणाली, दुसरी ३,०००. दोन्हीकडची पत्रकं वहिनीने देवघराच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्ही उलटून पाहिली. मागच्या बाजूला उमेदवाराचा फोटो होता.

मार्च २०२५ मध्ये राज्याचा अर्थसंकल्प आला. २,१०० त्यात नव्हते. योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद आणि राज्यावरचं कर्ज वर्षभरात ९.३ लाख कोटींवर जाईल असा अंदाज. अर्जांची छाननीही सुरू झाली होती. वहिनी काजू सोलत होती, मी तिला पेपरातले आकडे वाचून दाखवले. ती मध्ये बोलली नाही. लाख कोटी म्हणजे किती शून्यं ते तिने एकदा विचारून घेतलं. सगळं संपल्यावर म्हणाली, "भावजी, ह्या नोव्हेंबरात कित्याक वाचून दाखवल्यानी नाय?"